मोरीतून येणारी जादू

पडकं देऊळ, भंगलेली मूर्ती, मध्यरात्र. मूर्ती कुठल्या देवाची हेही आता ओळखू येत नाही. गाभाऱ्यात एक माणूस बसला आहे आणि जागं राहण्याची पराकाष्ठा करतो आहे. बोटांनी पापण्या ताणून धरतो, तरी जांभई येतेच. मग तो आपल्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे वळतो आणि सांगतो की थोड्या तासांत मी बहुधा मेलेला असेन. एका बैराग्याने त्याला सांगितलं आहे: या महिन्यात एक तरी रात्र अखंड जागून काढ, तर वाचशील, नाहीतर महिन्याच्या शेवटच्या रात्री मरशील. महिनाभर तो रोज जागायला बसला आणि रोज डुलकी लागली. आज शेवटची रात्र आहे.

एवढा भयंकर शाप कशापायी? पुराणातल्या शापांमागे ब्रह्महत्या असते, ऋषीचा अपमान असतो. या माणसाचा गुन्हा असा की तो नाटकं लिहितो. त्याच्यावर विश्वास टाकून आलेली भली माणसं वाकड्यातिकड्या खुर्च्यांत अवघडून झोपी गेली. त्या सगळ्यांची ती अपमानित झोप साठत गेली, उलटली आणि मृत्यूचा शाप होऊन आता त्याच्या मानगुटीवर बसली आहे.

गिरीश कार्नाडांचं ‘नागमंडल’ असं सुरू होतं. नाटककाराने स्वतःच्या कंटाळवाणेपणाबद्दल स्वतःला देहदंड सुनावण्याची ही कल्पना इतकी गमतीची आहे, की आपण हसतो आणि हसता हसता एक अट मान्य करून बसतो: झोपेचा हिशोब ठेवला जातो, तो उलटू शकतो, असं हे जग आहे. पुढे जे काही अघटित घडणार आहे त्याची तयारी या एका विनोदाने करून टाकली. कार्नाडांना ही युक्ती आधीपासून अवगत होती. ‘हयवदन’मध्ये कालीमाता प्रकट होते तेव्हा हात पसरलेले, तोंड वासलेलं, जीभ बाहेर असं अक्राळविक्राळ रूप दिसतं. मग देवी हात खाली घेते, तोंड मिटते आणि लक्षात येतं की बाई जांभई देत होत्या. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून आणि विजया मेहतांच्या प्रयोगातून मराठी प्रेक्षकांना ते नाटक ठाऊक आहे. त्या जांभईत देवीची भीती गेली, पण सत्ता गेली नाही. पुढच्याच मिनिटाला ती दोन मेलेल्यांना जिवंत करते. विनोदामुळे चमत्कार स्वस्त होत नाही, उलट तो घरचा होतो, हे कार्नाडांना नेमकं कळलेलं होतं.

रात्रभर जागण्याची ही अट आमच्या भागातल्या माणसाला परकी वाटत नाही. सण्णाट, दोड्डाट, श्रीकृष्ण पारिजात हे उत्तर कर्नाटकातले खेळ रात्री उभे राहत आणि पहाटेपर्यंत चालत. प्रेक्षक चादर घेऊनच येई, मधे झोपे, युद्धाच्या वेळी उठे. कार्नाडांचं बालपण शिरसीत यक्षगान आणि नाटक कंपन्यांचे खेळ पाहण्यात गेलं. चौदाव्या वर्षी कुटुंब धारवाडला आलं, कर्नाटक कॉलेजातून 1958 साली गणित आणि संख्याशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. जन्म माथेरानचा, घरची भाषा कोंकणी, मराठी चांगली अवगत आणि लेखन कन्नडमध्ये. असा माणूस धारवाडातच घडू शकतो, असं आम्ही इथले लोक छाती फुगवून म्हणतो. बाकी गावांनी क्षमा करावी. सुभाष रोडवरच्या मनोहर ग्रंथमालेचा ‘अट्ट’, म्हणजे तो प्रसिद्ध माळा, अजून त्या काळाची साक्ष देतो. जी. बी. जोशी यांनी 1933 साली सुरू केलेल्या या ग्रंथमालेने कार्नाडांची नाटकं छापली आणि कीर्तिनाथ कुर्तकोटींसारख्या समीक्षकाने ती तिथेच उलटसुलट करून पाहिली.

‘नागमंडल’ मात्र या माळ्यावर नव्हे, शिकागोला लिहिलं गेलं. 1987-88 साली कार्नाड तिथल्या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते आणि तिथेच ए. के. रामानुजन होते. या दोघांची ओळख जुनी, बेळगावच्या काळातली. 1950 च्या दशकात रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि फावल्या वेळात बायकांकडून गोष्टी गोळा करत फिरत. त्यांच्या संग्रहातल्या दोन गोष्टी जोडून कार्नाडांनी हे नाटक बांधलं आणि ते त्यांनाच अर्पण केलं. किती लांबचा फेरा हा! बेळगाव-धारवाडकडच्या स्वयंपाकघरातली गोष्ट मिशिगन सरोवराच्या काठी जाते आणि नाटक होऊन परत येते. 1993 साली मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरनेही ते केलं. तिथल्या प्रेक्षकांना मोरी म्हणजे काय हे कसं समजावलं असेल, याचं मला कुतूहल आहे. कारण या नाटकातली सगळी जादू मोरीतून येते.

पण आधी दिवे.

देवळात बसलेल्या त्या मरणोन्मुख नाटककाराला बायकांचे आवाज ऐकू येतात. तो खांबाआड लपतो. पाहतो तर नुसत्या ज्योती! पणती नाही, वात नाही, हातात धरणारं कुणी नाही. गावातल्या घराघरांतले दिवे रात्री फुंकर मारून मालवले की त्यांच्या ज्योती इथे जमतात आणि गप्पा मारतात. कुठल्याही आळीत दुपारी जेवणं उरकल्यावर ओट्यावर जे चालतं तेच हे. एकीच्या घरी सासू महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली, घरात कुणालाच झोप नाही, म्हणून तीही रात्रभर अडकून पडायची. म्हातारी आज सकाळी गेली आणि मुलगा-सून यांना एकांत इतक्या घाईने हवा होता की संध्याकाळीच हिला हाकलून दिलं. दुसरी म्हणते, तू नशीबवान. माझ्या धन्याला बायकोचा एकेक अवयव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही सुचत नाही, त्यामुळे जे अंधारात राहायला हवं ते मला उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं.

हा प्रवेश वाचताना दर वेळी मला त्यातली काटकसर जाणवते. मृत्यू, वासना, सासूची सेवा, सुनेची सुटका, सगळं दोन-तीन वाक्यांत, आणि तेही कुचाळकीच्या सुरात. यातलं कुणीही ‘सत्य’ सांगायला आलेलं नाही. ज्योती फक्त उशिरा का आलो याची कारणं देताहेत. दिवा घरात असतोच, म्हणून त्याच्यासमोर कुणी काही लपवत नाही. मोलकरणीसमोर जसं मोठ्या घरातले लोक काही लपवत नाहीत तसंच.

निर्जीव वस्तूंना बोलतं करणारे लेखक जगात पुष्कळ आहेत. साधारण याच सुमाराला, 1990 साली, अमेरिकेत टॉम रॉबिन्सची ‘स्किनी लेग्ज अँड ऑल’ ही कादंबरी आली. तिच्यात घेवड्याचा एक डबा, एक चमचा आणि एक मळका मोजा एका गुहेत मागे राहतात आणि प्राचीन देवीच्या देवळातून आलेल्या रंगीत काठीच्या आणि शंखाच्या संगतीने जेरुसलेमच्या वाटेला लागतात. 2025 च्या फेब्रुवारीत ब्याण्णवव्या वर्षी वारलेला हा लेखक आयुष्यभर असंच लिहीत राहिला: एका नायिकेचे अंगठे भलेमोठे, एका कादंबरीत सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रातून उलगडत जाणारं विश्व. रॉबिन्स वाचताना मी मनापासून हसतो. पण त्याचा डबा लवकरच तत्त्वज्ञ होतो. धर्म, राजकारण, कला यांवर डब्याची मतं आपल्याला ऐकावी लागतात आणि ती पुष्कळदा लेखकाचीच असतात. कार्नाडांच्या ज्योती कधीही आपली पायरी सोडून बोलत नाहीत. त्या शेजारणीच राहतात. मला हा संयम जास्त अवघड वाटतो.

शेवटी एक ज्योत उशिरा येते आणि उशिराचं कारण म्हणून एक हकिकत सांगते. तिच्या घरातल्या म्हातारीला एक गोष्ट आणि एक गाणं येत होतं. पण तिने गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, गाणं कधी म्हटलं नाही. आतल्या आत दोघं गुदमरली. एकदा म्हातारी दुपारी तोंड उघडं टाकून झोपली, तेव्हा संधी साधून दोघं बाहेर उडाली. गोष्टीने तरुणीचं रूप घेतलं, गाणं तिची साडी झालं. तशी ती घराबाहेर पडत असतानाच म्हातारीची तिच्यावर नजर पडली. झालं, नवरा-बायकोत भांडण. एक गोष्ट दाबून ठेवली तर तिच्यातून दुसरी घडते, असा या हकिकतीचा रोख.

रामानुजनांच्या मूळ लोककथेत गाण्याचा कोट होतो आणि गोष्टीचे जोडे. नवरा घरी येतो, परक्या पुरुषाचा कोट आणि जोडे पाहतो, संशयाने पेटतो आणि कांबळं उचलून मारुतीच्या देवळात झोपायला जातो. तिथे ज्योतींच्या गप्पांतून त्याला खरं कळतं. सकाळी घरी येऊन तो बायकोला त्या गोष्टीबद्दल आणि गाण्याबद्दल विचारतो, तर तिला दोन्ही आठवतच नाहीत. लोककथेचा हा शेवट क्रूर आणि अप्रतिम आहे. कार्नाडांनी तो सोडला. कोट-जोडेही सोडले, कारण त्यांना गोष्ट देहासकट हवी होती: रंगमंचावर चालत येणारी, रुसणारी, ऐकायला कुणी मिळत नाही म्हणून वैतागणारी बाई. ज्योती ऐकतील, पण त्यांचा काय उपयोग, त्या पुढे कुणाला सांगणार? खांबाआडचा नाटककार पुढे येतो. मी ऐकतो, तुझ्यामुळे मी जागा तरी राहीन. गोष्ट अट घालते: नुसतं ऐकून चालायचं नाही, पुढे सांगावं लागेल. आणि नाटक कायमचं सोडण्याची शपथ नुकतीच घेतलेला हा गृहस्थ जिवाच्या भीतीने ती मोडतो.

ऐकणाऱ्याच्या शोधात निघालेली कथा मराठी वाचकाला नवी नाही. श्रावणातली आदित्यराणूबाईची कहाणी आठवा. वसा घेतलेली बाई हातात मोती घेऊन कहाणी ऐकायला कोण आहे म्हणून हिंडते. जो ऐकतो त्याची मोळी सोन्याची होते, माळ्याचा मळा पिकतो, म्हातारीचे गेलेले मुलगे परत येतात. तिथेही ऐकण्याला फळ आहे आणि न ऐकण्याला शिक्षा. फरक एवढाच की आपल्या कहाणीतली बाई सांगितलेलं नेमाने करते, कार्नाडांची गोष्ट मात्र स्वतः फणकाऱ्याने हिंडते. कार्नाडांनीच आपल्या प्रस्तावनेत म्हटलं आहे की या गोष्टी म्हाताऱ्या बायका मुलांना भरवताना सांगतात, पण तिथे आजूबाजूला असतात त्या दुसऱ्या बायकाच; त्यामुळे मुलांच्या नावाखाली बायका आपापसात बोलून घेतात. ‘नागमंडल’मधली गोष्ट राणीची जी कहाणी सांगते, ती वाचताना ही सूचना विसरायची नाही. तिच्यातला प्रत्येक चमत्कार आधी कुठल्या तरी स्वयंपाकघरात, घास भरवता भरवता, दबक्या आवाजात सांगितला गेलेला आहे.

राणी ही आईबापांची एकुलती एक, लांबसडक केसांची, लाडाची. लग्न होऊन अप्पण्णाच्या घरी येते. अप्पण्णा तिला घरात कोंडतो, बाहेरून कुलूप लावतो आणि आपल्या बाईकडे निघून जातो. रोज दुपारी येतो, अंघोळ करतो, जेवतो, उद्याही जेवण तयार ठेव एवढं बजावतो आणि पुन्हा कुलूप. इथे कार्नाड काहीच रंगवत नाहीत. तीच वाक्यं, तेच कुलूप, पुन्हा पुन्हा. राणी झोपेत बडबडते, एक गरुड येतो आणि तिला सात समुद्रांपलीकडे आईबापांकडे नेतो. परीकथेतलं हे गरुडाचं स्वप्न निरुपयोगी ठरतं. सुटका करायला येतं ते काहीतरी जमिनीवरून सरपटणारं.

मधे आंधळी कुरुडव्वा येते, मुलाच्या, कप्पण्णाच्या खांद्यावर बसून. नाटकातलं हे सर्वांत मजेदार ‘वाहन’. ती अप्पण्णाच्या आईची मैत्रीण, सुनेचं तोंड ‘बघायला’ आलेली. घराला कुलूप पाहून चक्रावते, खिडकीतून राणीशी बोलते आणि ताबडतोब निदान करते: नवऱ्याला मुळी द्यायला हवी. अशाच मुळीने तिने आंधळी असूनही नवरा मिळवला होता. आधी लहान तुकडा. राणी तो दुधातून देते. अप्पण्णा दूध पितो, भोवळ येऊन पडतो, मग उठतो आणि नेहमीप्रमाणे कुलूप लावून निघून जातो. प्रेमाच्या औषधाचा एवढा कोरडा परिणाम!

मग मोठा तुकडा आणि या नाटकातला माझा सर्वांत आवडता प्रसंग. राणी मुळी वाटून कालवणात घालते. कालवण लालभडक होतं, रक्तासारखं उसळतं, वाफेचा लोट उठतो. ती घाबरते. हे नवऱ्याला कसं घालू? याने त्याला काही झालं तर? तिच्याशी आजवर एक शब्द धड न बोललेल्या माणसाच्या जिवाची तिला काळजी वाटते. मग ते जहाल कालवण कुठे मागमूस राहणार नाही अशा जागी टाकायला ती पळते आणि वारुळात ओतते. या एका कृतीत राणीची सगळी गोष्ट आहे. जादू फळली ती तिच्या भाबड्या सद्हेतूमुळे, आणि फळली ती चुकीच्या पत्त्यावर. परत येईपर्यंत अप्पण्णा दारात उभा. उशीर झाला म्हणून तो तिला थोबाडीत मारतो. इकडे वारुळातल्या नागाने ते कालवण प्यालेलं असतं.

रात्री नाग येतो. दाराला बाहेरून कुलूप. खिडकीतून नाही, छपरातून नाही, न्हाणीच्या मोरीतून. आणि आत येऊन अप्पण्णाचं रूप घेतो. जगाच्या साहित्यात प्रियकर महालाच्या सज्ज्यावर दोर टाकून चढतात, ढगांवर बसून येतात. हा सांडपाणी जातं त्या वाटेने येतो. बाईला कोंडायचं म्हणून दार बंद करता येतं, पण घर चालायचं तर मोरी उघडी ठेवावीच लागते. अप्पण्णाच्या बंदोबस्तातली फट ही त्याच्याच रोजच्या अंघोळीची सोय आहे! कार्नाड हे कुठे बोलून दाखवत नाहीत. रंगसूचनेत एका वाक्यात सांगून पुढे जातात.

मग सुरू होतं दोन नवऱ्यांचं नाटक. दिवसाचा अप्पण्णा जेवतो आणि हुकूम सोडतो. रात्रीचा अप्पण्णा तिला आईबापांबद्दल विचारतो, तिचे केस पाहून हरखतो, तिला बोलू देतो. राणीला गोंधळ वाटतो. हाच माणूस दुपारी असा आणि रात्री तसा कसा? तो सांगतो: प्रश्न विचारायचे नाहीत. ती विचारत नाही. कार्नाड प्रस्तावनेत म्हणतात की एकत्र कुटुंबातल्या सुनेची हीच तर स्थिती असते: दिवसा नवरा परका, रात्री प्रियकर, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे वाचल्यावर नाटकातली अद्भुतता एकदम कमी होते की वाढते, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुण्यामुंबईतल्या, हुबळीतल्या कितीतरी जुन्या घरांत आजी-आजोबा एकमेकांशी चारचौघांत एक शब्द बोलत नसत आणि त्यांना आठ मुलं होती. त्या आजीला ‘नागमंडल’ दाखवलं असतं तर तिने चमत्कार कुठे आहे असं विचारलं असतं.

स्पर्शाने घाबरलेल्या राणीला नाग समजावतो तो प्रसंग हळुवार आहे. बेडूक, कासवं, खेकडे, मुंग्या, हंससुद्धा, सगळी सृष्टी हेच करते, असं तो सांगतो. प्रेमाच्या बाजूने एक सर्प इतर प्राण्यांची साक्ष काढतो आहे. विनोद अगदी पुसटसा आहे आणि तो प्रणयाला धक्का लावत नाही. पण नाटक नागाला देव करत नाही. पहारा ठेवायला अप्पण्णा कुत्रा आणतो, तो मरतो. मग मुंगूस आणतो, तेही रात्रभर झुंजून मरतं, पण नागाला ओरबाडून. कितीतरी रात्री नाग येत नाही. आला तेव्हा अंगावर जखमा. राणी त्या जखमांना लेप लावते आणि दुपारी पाहते तर नवऱ्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. आरशात तिला क्षणभर नागच दिसतो. त्याचं अंग गार लागतं. इतक्या खुणा, तरी राणी न पाहिल्यासारखं करते. हे अज्ञान की निवड? वाचणाऱ्याने आपापलं ठरवायचं. मला वाटतं, तिला माहीत आहे, फक्त त्याला नाव द्यायचं नाही.

ती गरोदर राहते आणि अप्पण्णा भडकतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं बरोबरच आहे, आणि नाटकाचं विनोदी बळ इथे आहे: घरातल्या सर्वांत दुष्ट माणसाकडे या वेळी निखळ सत्य आहे. तो तिला पंचांपुढे उभं करतो. आपल्याकडे पेशवाईच्या कागदपत्रांत ‘दिव्य’ येतं. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, हात भाजला नाही तर खरं. नाटकातले पंचही तापलेलं लोखंड धरायला सांगायला तयार आहेत. राणी म्हणते, मी वारुळात हात घालून नाग धरीन. रात्रीच्या नवऱ्याने तसं शिकवून ठेवलेलं असतं.

आणि मग ती शपथ. नाग हातात धरून राणी सांगते की या गावात आल्यापासून मी दोघांनाच स्पर्श केला आहे: माझ्या नवऱ्याला आणि या नागाला. शब्दन्‌शब्द खरा! न्यायसभेला हवं ते सगळं त्यात आहे, फक्त त्यांना जे कळायला हवं ते नाही. सीतेला अग्नीत जावं लागलं, निष्पाप असून. राणीला नुसतं अचूक बोलावं लागलं. नाग फणा उभारून तिच्या डोक्यावर छत्र धरतो, गाव लोटांगण घालतं, पंच तिला देवी ठरवतात. पंचांना सत्याची चाड नसून देखाव्याची आहे, हे ज्या सहजतेने उघडं पडतं, ते पाहून मला कार्नाडांच्या ‘तुघलक’मधला राजकारणी कार्नाड पुन्हा भेटल्यासारखं वाटतं.

इथे एखाद्या साध्या लेखकाने टाळ्यांवर पडदा टाकला असता. कार्नाड अप्पण्णाकडे वळतात. गावाने तिला देवी म्हटलं, मला क्षमा मागायला लावली, ठीक. पण मी तिच्याशी कधी संग केलेला नाही हे मला माहीत आहे. चमत्कार काहीही सांगो, मला माहीत आहे. मग माझ्या या माहितीची किंमत शून्य असेल तर माझ्या जगण्याला काय अर्थ? पहिल्यांदा आपल्याला अप्पण्णाची कीव येते. ज्याने बायकोचा शब्द कधी मोजला नाही, त्याचा शब्द आता कुणी मोजत नाही. शिक्षा अचूक आहे, आणि म्हणूनच हसू जरा अडखळतं.

शेवट एकाहून अधिक आहेत, कारण ऐकणाऱ्या ज्योती आणि नाटककार गोष्टीला सुखासुखी संपू देत नाहीत. राणीला आज्ञाधारक नवरा मिळाला, मूल झालं, ठीक. पण इतक्या रात्री तो नाग होता, तिला नंतर तरी फरक कळला नसेल का, आणि नागाचं काय झालं, असे प्रश्न येतात. एका शेवटात नाग राणीचा सुखी संसार पाहतो, प्रेमापोटी केसाएवढा लहान होतो आणि तिच्याच केसांत गुरफटून जीव देतो. केस विंचरताना तो मेलेला खाली पडतो. राणी सांगते, याला अग्नी आपल्या मुलाने द्यायचा. अप्पण्णा होकार देतो. त्या होकारात त्याला काय कळलं आहे आणि काय नाही, यावर नटाने आयुष्यभर अभ्यास करावा. दुसऱ्या शेवटात नाग जिवंत सापडतो आणि राणी त्याला आपल्या केसांतच राहायला सांगते. मला दुसरा शेवट कमी आवडतो. पहिल्यात किंमत मोजली जाते, दुसऱ्यात सगळ्यांना सगळं मिळतं. पण ज्योतींना दुसरा हवा असतो आणि श्रोत्यांच्या हट्टापुढे गोष्ट वाकते, हेही नाटकाला सांगायचं आहेच.

दोन धागे मात्र या गोड गाठीत बसत नाहीत. एक कुरुडव्वाचा. तिचा कप्पण्णा एका मायावी स्त्रीच्या मागे निघून जातो आणि आंधळी म्हातारी त्याला हाका मारत भटकत राहते. ज्या मुळीने राणीचं भलं झालं ती देणारीचं घर उजाड. हा धागा कार्नाडांनी मुद्दाम उसवलेला ठेवला असावा, आणि तो नाटकाला खारट चव देतो, ती मला मान्य आहे. दुसरा धागा मान्य नाही. अप्पण्णाची ती बाई शेवटी राणीच्या घरी पाणी भरणारी दासी होते आणि हे राणीच्या सुखाच्या यादीत घातलं आहे. लोककथेच्या हिशोबात हे चालत असेल. पण जे नाटक दिव्यांनासुद्धा मालकाविरुद्ध तोंड देतं, ते या एका बाईला रंगमंचावर पाऊल ठेवू देत नाही. देवळात जमलेल्या ज्योतींमध्ये तिच्या घरची ज्योत एखादं वाक्य बोलली असती, तर दुपारनंतर अप्पण्णा कुठे असतो आणि कसा असतो, हेही आपल्याला कळलं असतं.